भांडे कुणाचे? घरगुती बिअरच्या पातेल्याचा चार हजार वर्षांचा इतिहास

१) ‘घरी बिअर करण्याचा छंद १९७८ साली अमेरिकेत जन्मला’ हे विधान समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असते. सोबत छायाचित्र असते: चकचकीत पोलादी टोप, त्याला बसवलेली तोटी आणि शेजारी अभिमानाने उभा असलेला हौशी गृहस्थ. विधान चुकीचे आहे, आणि ही चूक निरुपद्रवीही नाही. चार हजार वर्षे ज्या हातांनी ही भांडी घडवली, निवडली, भोके पाडून उपयोगी केली आणि अखेरीस पोलिसांच्या काठीखाली फुटताना पाहिली, ते हात या एका विधानाने इतिहासातून पुसले जातात. (थ्रेड 👇)

२) प्रस्तुत लेखनाचा मुद्दा एवढाच: घरगुती मद्याचा इतिहास हा पेयाच्या आधी भांड्याचा इतिहास आहे. राज्यसंस्थेला पेय पकडता येत नाही. ते पिऊन संपते. भांडे मात्र मागे उरते. ते मोजता येते, त्यावर कर बसवता येतो, ते जप्त करता येते, फोडता येते. म्हणून कायद्याची नजर नेहमी भांड्यावर राहिली. आणि एकच भांडे एका हातात ‘उपकरण’, तर दुसऱ्या हातात ‘मुद्देमाल’ ठरले. हा भेद धातूने ठरवलेला नाही. तो ठरवला आहे हात कुणाचा आहे यावरून.

३) आधी कृती समजून घेतली पाहिजे. मोड आणून वाळवलेले सातू, म्हणजे माल्ट, साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर भिजत ठेवतात; त्यातील पिष्टाची साखर होते. मग चोथ्यातून गोड काढा गाळून घेतात, हॉप्स घालून उकळतात, निववतात आणि यीस्ट घालून आंबवतात. भिजवणे, गाळणे, उकळणे, आंबवणे ही चार कामे होत. बिअरच्या भांड्यांची सारी कुलकथा या चार कामांत सामावते. यात ऊर्ध्वपातन नाही. म्हणजे भट्टी लावून धार काढण्याची क्रिया येथे होत नाही. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरेल.

४) चारांपैकी सर्वांत कठीण काम गाळण्याचे. चोथा आणि काढा वेगळा कसा करायचा? उत्तर फार जुने आहे: भांड्याच्या तळाला भोक पाडायचे. सुमेरियन लेखांत तळाशी भोक असलेल्या मद्यभांड्याचा आणि त्याखाली ठेवण्याच्या दुसऱ्या भांड्याचा उल्लेख येतो. इसवी सनपूर्व १८०० च्या सुमारास मद्यदेवता निन्कासीच्या स्तोत्रात गाळलेली बिअर जमा होणाऱ्या भांड्याचे वर्णन आहे. ही देवता स्त्री आहे, हे येथे नोंदवले पाहिजे. आजचा हौशी माणूस ड्रिल यंत्राने पोलादी टोपाला भोक पाडतो, तेव्हा तो या अनाम हातांचीच नक्कल करीत असतो.

५) भांड्यामागून कायदा आलाच. हम्मुराबीच्या संहितेतील १०८ वे कलम मद्यगृह चालवणाऱ्या स्त्रीविषयी आहे. बिअरची किंमत म्हणून तिने धान्य नाकारले आणि मोठ्या वजनाने चांदी घेतली, किंवा धान्याच्या तुलनेत बिअर कमी दिली, तर तिला पाण्यात फेकावे, असा दंड सांगितला आहे. कलमाची भाषा स्त्रीलिंगी आहे. व्यवसाय तिचा होता, म्हणून शिक्षाही तिची. जगातील सर्वांत प्रसिद्ध प्राचीन कायदेसंहिता बिअरवालीला ओळखते. आधुनिक छंदवीरांची वंशावळ मात्र तिला ओळखत नाही.

६) भारतीय परंपरेतही हा प्रश्न अपरिचित नव्हता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मद्यनिर्मितीवर राज्याचे कडक नियंत्रण असावे, असा त्याचा रोख. तरीही गृहस्थांना विशेष प्रसंगी घरी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची मुभा आहे. उत्सव-यात्रांच्या काळात चार दिवसांची सवलत आहे. सुरेसाठी लागणारे किण्व तयार करण्याचे काम स्त्रिया व मुलांकडे सोपवले आहे. मराठीत आज आंबवण्याच्या शास्त्राला ‘किण्वन’ म्हणतात, तो शब्द याच कुळातला. नियंत्रणवादी कौटिल्यालाही घरातल्या भांड्याचे अस्तित्व मान्य करावे लागले.

७) आता इंग्लंडकडे वळू, कारण छंदाची सारी परिभाषा तिथून आली. इसवी सन १३०० च्या सुमारास तेथील खेड्यांत एल, म्हणजे हॉप्सविरहित बिअर, करणाऱ्या बहुतांशी स्त्रिया होत्या. घरची कढई, लाकडी पिंप, गाळणी एवढ्यावर काम चाले. एल चार-सहा दिवसांत आंबे, म्हणून थोडी थोडी करावी लागे. घरापुरती ठेवून उरलेली शेजारी विकायची. दारावर काठी टांगली की आज एल तयार आहे, असे गावाला कळे. मृत्युपत्रांत आणि मालमत्तेच्या याद्यांत ही भांडी मोलाची वस्तू म्हणून नोंदली जात.

८) ज्युडिथ बेनेट यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात दाखवले आहे की, १६०० पर्यंत हा व्यवसाय बऱ्याच अंशी पुरुषांच्या हाती गेला. बायकांचे कौशल्य संपले, असे मुळीच झाले नाही. हॉप्समुळे बिअर टिकाऊ झाली. टिकाऊ झाल्यामुळे ती मोठ्या प्रमाणावर करून दूर विकता येऊ लागली. त्यासाठी मोठी तांब्याची कढई, मोठी पिंपे, साठवणीची जागा आणि भांडवल लागले. कर्ज, करार, संघटित व्यवसायसंस्था यांची दारे स्त्रियांना प्रायः बंद होती. भांडे मोठे झाले आणि बाई बाहेर पडली. तंत्रज्ञानाची प्रगती सर्वांना सारखी पुढे नेते, या भाबड्या समजाला यासारखे दुसरे उत्तर नाही.

९) भांड्यांची निवड कशी करावी, यावरचे एक अजरामर लेखन १८२१-२२ चे आहे: विल्यम कॉबेटचे ‘कॉटेज इकॉनॉमी’. मजुराने घरीच बिअर करावी, असा त्याचा आग्रह, आणि पुस्तकाचा आरंभच या विषयाने होतो. त्याची यादी नेमकी आहे: ४० गॅलनची तांब्याची कढई, ६० गॅलनचे भिजवणीचे पिंप, त्याखाली ठेवायचे उथळ टब, आंबवण्यासाठी ३० गॅलनचे पिंप, निववण्यासाठी पसरट टब. कढई ४० गॅलनचीच का? हलकी बिअर ३६ गॅलन करायची असली, तरी हॉप्सना जागा हवी आणि वाफेवाटे उडणाऱ्या पाण्याचाही हिशेब हवा.

१०) दूध उतू गेलेल्या कोणत्याही स्वयंपाकघराला हे तत्त्व शिकवावे लागत नाही: भांडे पदार्थापेक्षा मोठे हवे. आजची पुस्तकेही हेच सांगतात. १९ लिटर बिअरसाठी ३० ते ३८ लिटरचा टोप घ्या, कारण काढा उकळी फुटताना फेसाने उसळतो. कॉबेटच्या पिंपाच्या तळालाही भोक आहेच. ते लांब काठीने बंद करायचे. पण त्याचा खरा रोख राजकीय होता. माल्ट व हॉप्सवरील करांमुळे मजुराच्या घरातून बिअरचे भांडे गेले आणि चहाची किटली आली, असे त्याचे म्हणणे. चहाविषयीचा त्याचा त्रागा अतिरेकी होता. करांविषयीचे निदान तसे नव्हते.

११) इंग्लंडमधील माल्टवरचा कर १६९७ ते १८८० असा जवळपास दोन शतके टिकला. १८८० साली ग्लॅडस्टनने तो रद्द करून कर थेट बिअरवर बसवला. या सुधारणेला लोक ‘मुक्त मॅश टन’ म्हणू लागले. मॅश टन म्हणजे भिजवणीचे पिंप. कायद्याला भांड्याचे नाव पडावे, यातच सर्व आले. पिंप मुक्त झाले ते कारखानदाराचे. घरी बिअर करणाऱ्याला परवाना लागू झाला. ही अट १९६३ च्या अर्थसंकल्पात रेजिनाल्ड मॉडलिंगने काढली. म्हणजे ‘छंदाची जन्मतारीख’च द्यायची झाली, तरी १९७८ ही तारीख इंग्लंडला लागू पडत नाही.

१२) एक तपशील येथे मुद्दाम थांबून पाहावा. इंग्रज घरात ‘कॉपर’ म्हणत ती कढई बहुधा एकच असे. तीत बिअरचा काढा उकळे आणि तीतच कपडेही उकळत. १९६३ नंतरच्या ब्रिटिश हौशी लोकांनी काय वापरले? कपडे उकळण्याचे विजेचे बॉयलर. धुणावळीच्या भांड्याला तोटी आणि गाळणी बसवून ‘नवे’ उपकरण तयार झाले. नवेपण कशात होते? भांडे तेच, काम तेच. बदलला तो वापरणारा. आणि वापरणारा बदलताच ‘घरकामा’चे ‘तंत्र’ झाले.

१३) अमेरिकेतील कथनात थॉमस जेफरसनला ‘घरगुती बिअरचा आद्यपुरुष’ ठरवण्याची हौस मोठी. वस्तुस्थिती अशी: लग्नानंतरच्या वर्षांत माँटिचेलोच्या घरी बिअरचे काम त्याची पत्नी मार्था पाहत असे. पुढे १८१३ च्या सुमारास जोसेफ मिलर या इंग्रज जाणकाराकडून हे काम शिकला तो पीटर हेमिंग्ज. हा जेफरसनच्या मालकीचा गुलाम होता. माल्ट करणे, भिजवणे, उकळणे, पिंपे भरणे ही कामे त्याची. जेफरसनने मॅडिसनला लिहिले तेही असे, की तुमचा माणूस पाठवा, पीटर त्याला शिकवील. शिकवणारा पीटर, आणि कीर्ती मालकाची.

१४) १९२० ते १९३३ या अमेरिकी दारूबंदीच्या काळात बंद पडलेले बिअरचे कारखाने डबाबंद माल्टचा पाक विकू लागले. तो कशासाठी घेतला जातो, हे सर्वांना ठाऊक होते. घरोघरी चिनी मातीच्या बरण्यांत बिअर आंबू लागली. १९३३ साली बंदी उठली, पण घरी बिअर करणे बेकायदेशीरच राहिले. ते ऑक्टोबर १९७८ मध्ये कार्टर यांच्या सहीने करमुक्त झाले: प्रौढ व्यक्तीमागे वर्षाला १०० गॅलन, दोन प्रौढांच्या घराला २००. १९७८ मध्ये जन्म झाला नाही, माफी मिळाली. तीही अर्धवटच, कारण अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांत मान्यता २०१३ मध्ये आली.

१५) त्या काळातील हौशी लोकांच्या युक्त्या खरोखर कौतुकास्पद आहेत, आणि ते कौतुक नाकारण्याचे कारण नाही. चार्ली पापाझियनने १९८४ च्या आपल्या पुस्तकात दोन प्लॅस्टिकच्या बादल्यांची गाळणी लोकप्रिय केली: आतल्या बादलीच्या तळाला शेकडो बारीक भोके, ती बाहेरच्या बादलीत बसवायची, आणि बाहेरचीला खाली तोटी. इतरांनी सहलीचा थर्मासी पेटारा घेतला, त्यात चिरा पाडलेली तांब्याची नळी टाकली आणि तासभर उष्णता धरून ठेवणारे उत्तम पिंप तयार केले. प्रत्यक्ष गाळण मात्र या भोकांपेक्षा माल्टच्या टरफलांचा थर करतो. चाळणी फक्त थराला आधार देते.

१६) पुढची पायरी पोलादी केगची. अर्ध्या बॅरलच्या या पिंपात १५.५ अमेरिकी गॅलन, म्हणजे सुमारे ५८ लिटर मावतात. वरचा भाग गोल कापायचा, तळाजवळ भोक पाडून तोटी बसवायची, बाजूला तापमापक. की झाला टोप. पण हा केग कुणाचा? प्रायः बिअर कारखान्याचा. ग्राहक अनामत भरतो, ती खरेदीची किंमत नसते, आणि अनामत धातूच्या मोलापेक्षा कमी असते. परत न केलेला केग कापणे म्हणजे दुसऱ्याची मालमत्ता कापणे. तरीही या हौशी माणसाला कुणी ‘सराईत’ म्हटले नाही. त्याच्या गॅरेजवर पहाटेची धाड पडली नाही. ही सूट लक्षात ठेवावी.

१७) धातूच्या निवडीवर छंदाच्या ग्रंथांत पानेच्या पाने आहेत. तांबे उष्णता झरझर पसरवते, पण आंबट पदार्थ त्यात ठेवू नये. ॲल्युमिनियम स्वस्त आणि उष्णतेला चांगले. मात्र त्यावर जमणारा राखी थर घासून काढू नये, कारण तोच संरक्षक कवच असतो. इनॅमलचा टवका उडाला की आतले लोखंड गंजते. जस्ताचा मुलामा दिलेले भांडे सर्वथा वर्ज्य. आम्लात जस्त उतरते. शिशाचा झिलई-लेप असलेली बरणी त्याहून घातक. पोलाद सर्वांत निर्धोक, पण महाग. आणि तळ पातळ असला तर काढा लागतो.

१८) हे ‘आधुनिक शास्त्र’ मराठी स्वयंपाकघराला नवे आहे काय? पितळी भांड्यात ताक-आमटी कळकते, हे आजीला माहीत होते. ‘कळकणे’ हा शब्दच त्या ज्ञानाचा पुरावा. कल्हईवाला दारोदार फिरत होता तो याच कारणाने. ‘जर्मन’च्या पातेल्यात चिंच-कोकम ठेवू नये, लोणच्याला चिनी मातीचीच बरणी हवी, पाण्याला माठ आणि दुधाला जाड बुडाचे पातेले हवे: हा सारा धातू-आम्लाचा अभ्यासच होता. पुस्तकात छापला की तो शास्त्र, आणि सासूने सुनेला सांगितला की ती ‘रीत’. हा भेद ज्ञानाचा नसून प्रतिष्ठेचा आहे.

१९) आता दक्षिण आफ्रिका. झुलू घरांत ज्वारीला मोड आणून, दळून, आंबवून, शिजवून ‘उत्श्वाला’ ही दाटसर, सौम्य बिअर स्त्रिया करीत. भांड्यांची स्वतंत्र नावे होती: बिअर करण्याची मोठी मातीची ‘इम्बिझा’, पिण्यासाठी धुरात काळी करून घोटलेली ‘उखाम्बा’, तिच्यावर विणलेले ‘इम्बेंगे’ हे झाकण आणि गवताची विणलेली लांबट गाळणी. मडके घडवणारी स्त्री, बिअर करणारी स्त्री. पाहुण्याला आणि पितरांना पहिला मान त्याच भांड्यातून. हे भांडे आज पाश्चात्त्य संग्रहालयांत ‘कलावस्तू’ म्हणून काचेआड मांडलेले दिसते.

२०) १९०८ मध्ये नाताळ वसाहतीने कायदा करून नगरपालिकांना या बिअरची मक्तेदारी दिली. दरबान शहराने तिचा पुरेपूर लाभ घेतला. कृष्णवर्णीय मजुरांनी पालिकेच्या बिअरगृहातच प्यायचे; घरी केलेली बिअर गुन्हा. नफ्यातून याच मजुरांवर नियंत्रण ठेवणाऱ्या यंत्रणेचा खर्च भागे. इतिहासात हिला ‘दरबान पद्धती’ म्हणतात आणि इतर शहरांनी तिचे अनुकरण केले. बिअर वाईट म्हणून बंदी आली, असे समजणाऱ्यांनी येथे थांबून विचार करावा. पेय तेच होते. जप्त झाली ती त्या पेयातून मिळणारी बायकांची मिळकत.

२१) धाडी पडू लागल्या आणि भांडी बदलली. मातीच्या मोठ्या मडक्याची जागा पत्र्याच्या ड्रमने घेतली, कारण तो जमिनीत पुरता येतो. कित्येक दिवस घेणाऱ्या उत्श्वालाऐवजी साखर व यीस्ट घालून झटपट आंबणारी, जहाल पेये आली, कारण पोलीस येण्याआधी माल खपला पाहिजे. हा क्रम नीट पाहावा. सौम्य पेयाचे जहाल पेय आणि स्वच्छ मडक्याचे गंजका ड्रम, हे रूपांतर बायकांच्या अज्ञानाने झाले नाही. ते धाडीने घडवले. अमेरिकी दारूबंदीतही मोटारीचे रेडिएटर भट्टीला जोडले गेले आणि त्यातल्या शिशाने माणसे आजारी पडली. बंदी आधी भांड्याची प्रत उतरवते. मग त्या उतरलेल्या प्रतीकडे बोट दाखवून स्वतःचे समर्थन करते.

२२) जून १९५९ मध्ये दरबानच्या काटो मॅनोर वस्तीत पोलिसांनी घरगुती मद्याविरुद्ध मोहीम उघडली. स्त्रिया काठ्या घेऊन पालिकेच्या बिअरगृहात घुसल्या, तेथील पुरुषांना हुसकावले, बिअर ओतून दिली. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. आंदोलन नाताळभर पसरले. त्यांचा युक्तिवाद साधा होता: आमचे पुरुष आमची मजुरी तुमच्या दुकानात ओततात, आणि आमच्या चुलीवरचे भांडे तुम्ही फोडता. घरगुती बिअरच्या इतिहासात १४ ऑक्टोबर १९७८ ही तारीख असेल, तर जून १९५९ का नसावा?

२३) मुंबई इलाख्यात हीच गोष्ट मोहाच्या भांड्याची झाली. १८७८ च्या अबकारी कायद्याने गावोगावच्या छोट्या भट्ट्या मोडून मद्यनिर्मिती मोजक्या मध्यवर्ती कारखान्यांत आणि मक्तेदारांच्या हाती एकवटली. पुढे १८९२ च्या मोहफुलांच्या कायद्याने ठाणे-कुलाब्यात फुले साठवण्यावरच निर्बंध आणले. जी फुले आदिवासी घरांत उन्हाळ्याचे अन्नही होती, ती संशयित वस्तू ठरली. समर्थन नैतिकतेचे होते. हिशेब महसुलाचा होता. अबकारी हे वसाहती तिजोरीचे मोठे साधन होते, आणि घरची मडकी त्या तिजोरीतील गळती मानली गेली.

२४) स्वातंत्र्यानंतरच्या १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचे ६५ वे कलम मद्य करण्याच्या उद्देशाने बाळगलेली सामग्री, भांडी आणि साधने यांनाही गुन्ह्यात मोजते. वर्तमानपत्रातील परिचित वाक्ये त्याचीच प्रतिध्वनी: ‘रसायन नष्ट’, ‘पिंपे फोडली’, ‘मुद्देमाल जप्त’. १८७१ च्या कायद्याने ज्यांच्या कपाळी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्या भटक्या-विमुक्तांच्या वस्त्या या बातम्यांत पुन्हा पुन्हा येतात. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. भांड्यावरची नजर मात्र रद्द झाली नाही.

२५) आणि दुसरीकडे? २००९ पासून पुण्यात परवानाधारक छोटी ब्रुअरी उभी राहिली, पुढे मुंबईतही. काचेआड उभ्या पोलादी टाक्या ग्राहकांना दाखवण्यासाठीच मांडलेल्या असतात. याला आक्षेप नाही. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज राजवट असल्याने मुंबईचा कायदा लागू झाला नाही. तेथील फेणीचे ‘भाण’ टिकले, आणि काजूफेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. सीमेच्या अलीकडे भांडे ‘मुद्देमाल’, पलीकडे ‘वारसा’. मधली रेषा कुठल्याही नैतिक तत्त्वाने आखलेली नाही.

२६) पहिला आक्षेप अपेक्षित आहे: ‘हातभट्टी विषारी असते, लोक मरतात.’ मरतात, हे खरे, आणि ते दुःख लहान नाही. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे गेली. पण ती मेली मिथेनॉलने, आणि ते औद्योगिक रसायन होते. चुलीवरच्या मडक्यात धान्य आंबून तयार झालेले नव्हे. धान्याची बिअर आंबवताना धोकादायक प्रमाणात मिथेनॉल तयार होत नाही. कारखान्यातून गळणाऱ्या रसायनाचा गुन्हा आजीच्या रांजणावर लादणे ही विचारांची आळशी सोय आहे.

२७) दुसरा आक्षेप अधिक गंभीर: दारूने सर्वाधिक सोसले ते बायकांनीच. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी आली ती लोकचळवळीच्या रेट्याने, आणि त्या चळवळीत स्त्रियांचा आवाज होता. हा आवाज खोडून काढणारा कोणताही इतिहास अप्रामाणिक ठरेल. म्हणून स्पष्ट नोंद: हा दारूचा कैवार नव्हे, घरोघरी भट्ट्या लावण्याचे आवाहनही नव्हे. काटो मॅनोरच्या स्त्रिया आणि गडचिरोलीच्या स्त्रिया परस्परविरोधी वाटतात. पण दोघींची मागणी एकच आहे. आपल्या घरात काय शिजावे आणि काय येऊ नये, हे मक्तेदाराने ठरवू नये. ते आम्ही ठरवू.

२८) निष्कर्ष. तळाला भोक पाडलेले सुमेरियन भांडे, कॉबेटची ४० गॅलनची कढई, धुणावळीचा बॉयलर, पीटर हेमिंग्जची पिंपे, झुलू इम्बिझा, जमिनीत पुरलेला ड्रम, कापलेला केग: ही एकाच वंशातील भांडी आहेत. पोलादी टोपाला तोटी बसवणाऱ्याने ती जरूर बसवावी. कारागिरी म्हणून ती सुंदरच आहे. फक्त तिला ‘शोध’ म्हणू नये. आणि पुढच्या वेळी ‘इतकी पिंपे नष्ट’ अशी बातमी वाचताना एक प्रश्न विचारावा: हे भांडे कुणाचे होते, आणि ते दुसऱ्या कुणाच्या हातात असते तर त्याला काय म्हटले असते?